तीनशे बारा तबकड्या आणि एक गार खोली

सर्व संबंधितांस, विशेषतः अकोल्यातल्या आमच्या जुन्या गल्लीत आजही हयात असलेल्या सर्व स्त्री-पुरुषांस, अत्यंत गांभीर्याने आणि पूर्ण शुद्धीवर राहून कळवण्यात येते की, आमच्या घरमालकांच्या तीनशे बारा तबकड्यांपैकी एकही तबकडी मी वाकवलेली नाही, फोडलेली नाही, उन्हात ठेवलेली नाही, आणि तिच्यावर कुरड्या वाळत घातलेल्या नाहीत. कुरड्यांची अफवा कुणी उठवली ते मला ठाऊक आहे. त्या बाई आता नातवंडांत रमल्या आहेत, म्हणून विषय वाढवत नाही. आमच्या हातून एक गुन्हा घडला, तो निराळा. त्याच्याकडे येतोच आहे.

मी अमरावतीहून अकोल्याला नोकरीवर आलो तेव्हा नवाकोरा सरकारी बाबू होतो. गाव भातकुली, शिक्षण अमरावतीत, आणि खिशात नेमणुकीचा हुकूम. आमच्या घरच्यांनी दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली, आणि अकोल्यात खोली शोधताना या गोष्टीची आठवण मला दिवसातून चारदा करून दिली जाई. घरमालक आधी खोली दाखवी, मग नळ दाखवी, मग गाव विचारी, मग आडनाव विचारी, आणि मग त्याला एकदम आठवे की ही खोली आपण साडूच्या मुलाला कबूल केलेली आहे. त्या वर्षी अकोल्यात साडूंची मुलं फार झाली होती.

पाचव्या दारी एक उंच, हडकुळा म्हातारा ओट्यावर बसून सुपात बाभळीचे काटे निवडत होता. गहू निवडावेत तसे. वाकडा काटा डावीकडे, सरळ काटा उजवीकडे. मी खोलीचं विचारलं. त्यांनी मान वर न करता विचारलं,

"हाताले घाम येते का?"

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकलो.

"हाताले म्हणतो मी. तळहाताले. दाखवा."

मी हात पुढे केला. त्यांनी खिशातून काचेचा एक तुकडा काढला, माझा अंगठा त्यावर दाबला, काच उजेडात धरली आणि ठसा वाळायला किती वेळ लागतो ते बघत बसले.

"कोल्ला हात आहे, घाम नाई," ते म्हणाले. "पत्र्याची खोली रिकामी आहे. अंगणात धूळ उडवाची नाई. चपला बाहेर. चुलीचा धूर पश्चिमेले गेला पाह्यजे."

धूर पश्चिमेला कसा पाठवायचा हे मी विचारलं नाही. मी म्हणालो, "आडनाव सांगतो माझं."

"आडनाव घेऊन काय करू?" ते म्हणाले. "तबकडी आडनावानं धरतात का हातानं?"

आता पुढे मी या माणसाबद्दल जे काही तोंडसुख घेणार आहे, ते हा प्रश्न लक्षात ठेवून घेणार आहे, एवढं वाचकांनी ध्यानात ठेवावं. हे सांगून मी मोकळा झालो. आता मला संतापू द्या.

सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणे. चाळीस वर्षं त्यांनी एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पारखला होता. मूठभर कापूस घेऊन दोन्ही अंगठ्यांनी ओढायचा आणि धागा किती लांब ते डोळे मिटून सांगायचं, हा त्यांचा धंदा. त्यामुळे बोटं अशी तयार झाली होती की ओट्यावरून नुसता हात फिरवून ते सांगत, "आज ढेप घेऊन बैलगाडी गेली इथून." लग्न केलं नव्हतं. पगारातून उरेल ते तबकड्यांत गेलं. तबकड्या म्हणजे ग्रामोफोनच्या, लाखेच्या, काळ्या, जेवणाच्या ताटलीएवढ्या. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. उन्हात ठेवली की मऊ पडते, हातातून सुटली की ताटलीसारखी फुटते, सुई जड पडली की झिजते. एवढ्या नाजूक प्रकृतीच्या वस्तूने राहायला अकोला निवडावं, यातच काहीतरी दैवदुर्विलास होता.

माझी पत्र्याची खोली अंगणात निराळी; घरात तीन खोल्या. पुढची बैठकीची, मागची चुलीची, आणि मधली. मधलीच्या भिंती मातीच्या, हातभर जाड, वर माळवद, खिडकी एकच आणि तिला वाळ्याचा ताटा. एप्रिल-मे महिन्यांत त्या ताट्यावर दर अर्ध्या तासाला पाणी मारलं जाई. बाहेर कुत्री नालीत बसून असत आणि मधल्या खोलीत पौषाची सकाळ असे. त्या खोलीत कोण राही? तबकड्या. काकाजी स्वतः पुढच्या खोलीत बाजेवर, अंगाला ओला पंचा गुंडाळून तळमळत पडत.

घरात वीज घेतली नव्हती. मी एकदा म्हणालो, "काकाजी, गल्लीत खांब आला आहे. पंखा तरी लावून घ्या."

"वीज आली का पंखा येते. पंखा आला का धूळ उठते. धूळ तबकडीच्या चरात बसते. मंग सुई त्या धुळीवरून चालते. म्हंजे मीच माझ्या हातानं तबकडी घासली का नाई?"

त्यांच्याशी वाद घालण्यात हीच अडचण होती. पहिल्या पायरीला हो म्हटलं की माणूस शेवटच्या पायरीपर्यंत घसरत जाई.

मधल्या खोलीत आंब्याच्या लाकडाच्या पेट्या, पेट्यांत फळ्यांचे कप्पे, कप्प्यांत तबकड्या उभ्या. एकही आडवी नाही. "आडवी ठेवली का वरचीचं ओझं खालचीवर. खालची काई बोलत नाई. सहन करते, सहन करते, अन् एक दिवस पाह्यलं त पापड." फार सैल ठेवली तर कलते, फार दाटून ठेवली तर काढताना घासते. म्हणून दर कप्प्यात पंचवीस, आणि पंचविसावी आत सरकवताना ते श्वास रोखून धरत. मला हे सर्व माहीत आहे, कारण मी अकोल्यात असलो की रविवारी मला दारात उभं करून दाखवलं जाई. उंबऱ्याच्या आत यायचं नाही. मी भाडं देणारा माणूस होतो आणि रविवारी मला झोपायचं असे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

कपाशीची गोष्ट गल्लीत सगळ्यांना पाठ होती. तरुणपणी त्यांच्या मनात आलं की तबकडीला कापसाहून मऊ गादी जगात नाही, आणि कापूस तर आपल्या हातचा. पण सरकी काढलेली रुई विकत घ्यावी लागते. म्हणून त्यांनी बोंडातून वेचलेला कापूस सरकीसकट आणला आणि पेट्यांत ठासून भरला. मिरगानंतर चार दिवस झड लागली. माळवद एका कोपऱ्यात गळलं. काकाजी तेव्हा बाळापूरला खरेदीवर होते. पंधरा दिवसांनी येऊन पेटी उघडतात, तर तबकड्यांच्या मधून हिरवी पानं बाहेर आलेली. दोन-दोन पानांची, टवटवीत. वऱ्हाडातला कापूस पारखणाऱ्या माणसाने घरात कपाशीचं पीक घेतलं होतं. शेजारी म्हणे, त्यांना विचारायला आले होते की निंदण-डवरणी कधी आहे.

ही गोष्ट दुसऱ्याने सांगितली तर ते चिडत. स्वतः मात्र सांगत, आणि शेवटी म्हणत, "सरकी काढली असती त वाचलो असतो. अनुभव पाह्यजे."

आता काटे. ग्रामोफोनची सुई पोलादी असते, आणि प्रत्येक सुई दर खेपेस तबकडीला थोडी खाते, असा काकाजींचा सिद्धान्त होता. म्हणून त्यांनी पोलाद सोडलं आणि बाभळीचा काटा धरला. काटा झिजतो, तबकडी झिजत नाही. पण कुठलाही काटा चालत नाही. तो पिकलेला हवा, सरळ हवा, टोकाशी लालसर हवा, आणि काळ्या जमिनीतल्या झाडाचा हवा. मी भातकुलीचा आहे हे कळलं त्या दिवशी त्यांचा चेहरा मी पाहिला होता. एखाद्याला जावई शिकलेला मिळावा तसा.

तेव्हापासून मी घरी निघालो की हातात रिकामा डबा. माझी आई विचारी, "काहून रे, अकोल्याले बाभळी नाईत?" मी काय सांगणार? शनिवारी रात्री घरी पोचायचं, रविवारी सकाळी बांधावर जाऊन काटे तोडायचे, हात रक्ताळून घ्यायचे आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत. एकदा अमरावतीच्या स्टँडवर गर्दीत डब्याचं झाकण निघालं आणि डबा सीटवर राहिला. एक जाडजूड सावकारी थाटाचे गृहस्थ घाईघाईने जागा धरायला आले आणि बसले. पुढचं वर्णन मी करत नाही. कंडक्टरने मला विचारलं, "हे काटे कशाले घेऊन चाल्ले?" मी खरं ते सांगितलं: गाणं ऐकायला. बडनेऱ्यापर्यंत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

आणि एवढं करून ऐकायला काय मिळे? वर्षातून एक दिवस. दसऱ्याला संध्याकाळी अंगणात सडा घालून धूळ बसवत. गल्लीतली माणसं हातपाय धुऊन चटयांवर बसत. चावीचा, भोंग्याचा ग्रामोफोन पाटावर येई. काकाजी अकरा तबकड्या काढत, अकराच, आणि प्रत्येकीआधी उभे राहून ती कुठे घेतली, कशी सांभाळली आणि गाणारी कुठे सूर कसा लावते यावर बोलत. तीन मिनिटांच्या गाण्याला दहा मिनिटांचं भाषण. मध्ये कुणी खोकलं तर त्याला वेशीपर्यंत जाऊन खोकून यायला सांगत.

अकरा झाल्या की ते आत जात आणि 'ती' घेऊन येत.

ती एका पांढऱ्या मलमलीत गुंडाळलेली असे. अमरावतीचं एक दुकान बंद होत होतं तेव्हा घेतलेली. तिच्यावरचा कागद झुरळांनी खाल्ला होता, त्यामुळे गाणारीचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. काकाजी दोन्ही हातांच्या बोटांनी कड धरून ती दिव्यासमोर तिरपी करत. काळ्या चरांवरून उजेडाची एक रेघ गोल फिरे. मग त्यांचा आवाज खाली येई.

"या बाईचा आवाज म्हंजे कसा, माहीत आहे का? खोल. विहिरीत रहाटानं घागर उतरते ना, तसा. उतरते, उतरते, पाण्याले लागते. चाळिशीची असीन बाई. लय पाह्यलेली. दुःख लपवून गाणारी. पयल्या ओळीतच माणसाले उठून जावंसं वाटते, अन् उठता येत नाई."

अंगणात बायका पदर डोळ्याला लावत. एखादा धीट माणूस म्हणे, "मंग लावा ना जी काकाजी."

"आज हवा बरोबर नाई," काकाजी म्हणत आणि ती पुन्हा मलमलीत जाई.

दरवर्षी हवा बरोबर नसे. पण ऐकणाऱ्यांना त्याचं काही वाटत नसे. इतकं ऐकल्यावर आणखी ऐकायचं काय राहिलं? पहिल्या दसऱ्यानंतर मी बायकोला पत्रात त्या आवाजाबद्दल दीड पान लिहिलं होतं. ती तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी अमरावतीला होती. तिचं उत्तर आलं: बाईच्या आवाजाचं एवढं समजलं असेल तर पाळण्याची दोरी कधी पाठवता ते कळवावं.

चैत्रात ती चार महिन्यांचं मूल घेऊन अकोल्याला आली. मुलगा. रंगाने तिच्यावर, आवाजाने तिच्या आईवर.

पत्र्याच्या खोलीत उन्हाळा काढणं म्हणजे काय, हे ज्याने काढला त्यालाच कळेल. सकाळी दहाला पत्रा तडतडू लागे. दुपारी भिंतीला पाठ लावता येत नसे. पोराच्या अंगावर घामोळ्यांचा लाल गालिचा उठला. तो रडे, रडून दमे, दमून गप्प होई आणि पुन्हा रडे. काकाजींनी हृदयशून्यपणा केला असं मी म्हणणार नाही. त्यांनी स्वतः शिडीवर चढून आमच्या पत्र्यावर कडबा पसरला. घरातली उरलेली वाळ्याची काडी आणून दिली. रोज एक कांदा पोराच्या उशाशी ठेवायला देत. पण मधली खोली? नाव काढू नका.

मी गेलो एक दिवस धीर करून. म्हणालो, "काकाजी, दुपारचे तीन-चार तास. फक्त झोळी बांधू. तुमच्या पेट्यांना हात लावणार नाही."

त्यांना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. मग म्हणाले,

"बाबू, पोट्ट्याले तरास झाला त ते रडते. तबकडीले रडता येत नाई."

मी परत येऊन हे वाक्य बायकोला सांगितलं. माझी चूक झाली. तिने पोराला माझ्या मांडीवर टाकलं आणि तरातरा अंगणात गेली.

"काकाजी, काय म्हणून राह्यले तुमी?"

"सूनबाई, पोराचा श्वास गरम असते. ओल सुटते. तबकडीले गारवा पाह्यजे, ओल नोको."

"मंग त्याले श्वास घेऊ नोको म्हणून सांगू का?"

"तसं नाई."

"तुमच्या कप्प्यात पंचवीस उभ्या असतात ना? सव्विसावं पोट्टं उभं करा. जागा नाई लागत त्याले."

काकाजी खरोखरच हिशेब करू लागले की पेटीत मूल उभं राहील का. हा माणूस असा होता. टोमणा त्याच्यापर्यंत पोचत नसे, त्याचा फक्त आकार पोचे.

त्याच आठवड्यात पोराला ताप भरला. दूध तोंडाला लावेना. डॉक्टरांनी पाहिलं आणि सरळ सांगितलं, "औषध देतो, पण याले खरं औषध गार जागा. नाहीतर अमरावतीले परत पाठवा." परत पाठवायचं म्हणजे बडनेऱ्याला गाडी बदलून, त्या उन्हात, तापलेल्या डब्यात. आणि दुसरी खोली शोधायची म्हणजे पुन्हा तेच, साडूंची मुलं. मी कचेरीत बसून कागदावर रेघा ओढत असे. उन्हाळ्यात आमची कचेरी सकाळची, दीडला सुटे. दीडला घरी जायला माझे पाय उचलत नसत.

अशात काकाजींना अमरावतीहून निरोप आला. तिथल्या एका वकिलांच्या घरी दोनशे तबकड्या आहेत, वकील गेले, मुलांना नको आहेत. काकाजी रात्रभर ओट्यावर फेऱ्या मारत होते. जावं तर मधल्या खोलीला पाणी कोण मारणार? शेवटी त्यांनी सकाळच्या गाडीने जाऊन दुसऱ्या दिवशी परतायचं ठरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मधल्या खोलीची किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली. माझ्या.

"ताट्याले बाहेरून पाणी मारजा. दर अर्ध्या घंट्याले. दोन वाजता आत जाऊन भिंतीवरचा पारा पाह्यजा. फक्त पारा. हात मांगं बांधून जाजा."

मी हात मागे बांधून हो म्हणालो. टांगा सुटेपर्यंत ते तीन वेळा खाली उतरले. टांगा वळला. मी कचेरीला निघालो आणि किल्ली बायकोकडे दिली. देताना मी तिला सूचना सांगितल्या. ती ऐकत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. किल्लीकडे बघत होती. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. हा माझा गुन्ह्यातला वाटा.

दीडला कचेरी सुटली. डोक्यावर रुमाल टाकून मी गल्लीच्या तोंडाशी पोचतो, तर समोरून काकाजी. पायी. धुळीने पांढरे. काखेत ओल्या पंचात गुंडाळलेलं काहीतरी.

"तुम्ही उद्या येणार होतात ना?" मी वाट अडवून विचारलं.

"पत्र्याखाली ठेवल्या त्याईनं," ते म्हणाले. "माळ्यावर, पत्र्याखाली. आडव्या. एकावर एक. दोनशे." त्यांनी काखेतला पंचा सावरला. "सगळ्या गेल्या, बाबू. अशा झाल्या जशा ज्वारीच्या भाकरी तव्यावर फुगतात. पाणी नाई घेतलं मी त्या घरचं. पुढची गाडी धरली. ही एक आणली. काचेत दाबून पाहीन. एखाद्या टायमाले सरळ होते."

मी त्यांना चहा घेऊ म्हणालो. त्या उन्हात. ते चालत राहिले. रसवंतीकडे बोट दाखवलं, ते चालत राहिले. मी त्यांच्या पुढे जाण्याचा प्रयत्न केला, पण उंच माणसाच्या पुढे जाणं कठीण असतं.

अंगणात शिरलो. आमच्या खोलीचं दार उघडं आणि आत कुणी नाही. रडणंही नाही. कुठेतरी एक मुलगी गात होती. मला वाटलं, शेजाऱ्यांकडे सुट्टीत कुणी पाहुणी आली असेल. मी तिकडे लक्षच दिलं नाही. मी मधल्या खोलीच्या दाराकडे बघत होतो. ते लोटलेलं होतं आणि कडीला कुलूप नव्हतं.

काकाजी मात्र थबकले होते. त्यांनी मान कलती केली. गाण्याच्या खालून एक बारीक खरखर येत होती, काटा चरावरून चालताना येते ती. ती खरखर त्यांनी माझ्याआधी ओळखली.

त्या पाच पावलांत मी अकोल्यातल्या सगळ्या गल्ल्या फिरून आलो. सामान किती, हातगाडी कुणाची, पोराला कुठे ठेवायचं, पहिलं दार कुणाचं ठोठवायचं. आणि आडनाव आधी सांगायचं की नंतर.

काकाजींनी दार ढकललं.

आत पेट्या जागच्या जागी. आढ्याला झोळी बांधलेली. झोळीत पोरगा, उताणा, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेला, पाच दिवसांत पहिल्यांदा. त्याच्या अंगावर ओलं करून पिळलेलं पांढरं मलमलीचं फडकं. खाली पाटावर ग्रामोफोन फिरत होता आणि शेजारी माझी बायको गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. काकाजींना पाहून ती उठली नाही. ती म्हणाली,

"मऊ फडकं तेवढं एकच होतं घरात, काकाजी. अंगाले दुसरं कोणतंच सहन होत नवतं त्याच्या. फडकं काढलं त हे निंगालं. लावून पाह्यलं. त रडाचा थांबला. तिसऱ्यांदा लावली." आणि काट्याकडे बोट दाखवून, "काटाच लावला. पोलाद नाई."

काकाजींनी आधी काट्याकडे पाहिलं. मग मलमलीकडे. मग फिरणाऱ्या तबकडीकडे. काखेतली वाकडी तबकडी त्यांनी हळूच भिंतीशी खाली ठेवली, आणि तीही, मी शपथेवर सांगतो, आडवी.

पुढचं आधी सांगून टाकतो, कारण ते सोपं आहे. तो उन्हाळा आमच्या पोराने मधल्या खोलीत काढला. ताप चौथ्या दिवशी उतरला. काकाजींनी पेट्या हातभर भिंतीकडे सरकवल्या, झोळीसाठी आढ्याला पक्की कडी ठोकली आणि बायकोला ताकीद दिली की पोराने श्वास खिडकीकडे तोंड करून घ्यावा. ती तबकडी रोज दुपारी दोनला लागे. त्यासाठी मला दर पंधरा दिवसांनी भातकुलीहून डबाभर काटे आणावे लागले, आधीच्या दुप्पट, आणि माझ्या बोटांवर त्याच्या खुणा अजून आहेत. पुढच्या दसऱ्याला काकाजींनी भाषण केलं नाही. गल्लीला ते फार लागलं.

पण त्या दुपारी दारात उभे राहून ते काय बोलले, याबद्दल गल्लीत बरंच काही सांगितलं जातं. कुणी म्हणतं, त्यांनी शिव्या दिल्या. कुणी म्हणतं, ते रडले. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. ते काही रडले नाहीत. सगळं गाणं संपेपर्यंत ते उंबऱ्यावर उभे होते, हातातून सुटणाऱ्या वस्तूकडे बघावं तसे. गाणारीने शेवटच्या ओळीत मध्येच श्वास घेतला, घाईघाईने, लहान मुलं घेतात तसा. काटा शेवटच्या चरात फिरत राहिला. वीस वर्षं जी तबकडी त्यांनी मलमलीत गुंडाळली, उभी ठेवली, झुरळापासून, धुळीपासून आणि आमच्यापासून राखली, तिच्याकडे पाहत ते मोठ्याने बोलून गेले,

"अरे बाप्पा, ही त लहानशी पोरगी गाऊन राह्यली."